दुसऱ्या मजल्यावरचे बेपत्ता सर

शाळेतून पहिले गेले ते प्राचार्य. लग्नात नवरदेवानेच पहिल्या पंगतीला जेवून निघून जावं, तसे. जाताना त्यांनी सगळ्यांना ईमेल पाठवली. ‘आपण एक कुटुंब आहोत, आणि कुटुंब सांभाळायचं तर कुणीतरी थोडं लांबून बघावं लागतं.’ मग ते लांबून बघू लागले. मध्ये दोन समुद्र होते.

शहरात नेमकं काय झालं होतं हे सांगणं अवघड, कारण शहरालाही ते धड सांगता येत नव्हतं. सरकार पडलं की नाही याबद्दल सरकार आणि लोक यांच्यात मतभेद होते. मोठ्या चौकात टायर जळायचे. दुकानांची शटर्स अर्धी ओढलेली असायची, म्हणजे पळायची वेळ आली तर उरलेली अर्धीच ओढायची. संचारबंदी सकाळी उठायची आणि दुपारी पुन्हा बसायची. इंटरनेट जावयासारखं यायचं : आधी कळवायचं नाही, आणि आलं की घरातल्यांनी हातातली कामं टाकून त्याच्याभोवती गोळा व्हायचं.

शाळा आंतरराष्ट्रीय होती. म्हणजे तिथे वकिलातींची, कंपन्यांच्या साहेबांची आणि ज्यांना परवडतं अशा इथल्या काही लोकांची मुलं शिकत. ही मुलं आधी वर्गातून गेली, मग पडद्यावरच्या चौकोनांत आली, आणि मग चौकोनांतूनही गेली. त्यांच्या मागोमाग शिक्षक गेले. ज्याच्या त्याच्या देशाने ज्याला त्याला उचललं. पोहण्याचे मास्तर गेल्यावर तलाव हिरवा झाला. संगीताच्या बाई गेल्या तेव्हा पियानोवर त्यांचा स्वेटर राहिला, आणि पॅसेजमध्ये टांगलेले सगळ्या देशांचे झेंडे, ज्यांच्यासाठी लावले होते ती मुलं नसताना, पंखा सुरू झाला की आपापले फडफडायचे.

राहिले गणिताचे सर.

त्यांना सगळे नुसतं ‘सर’च म्हणायचे. प्राचार्यांपासून फाटकावरच्या रखवालदारापर्यंत, आणि चिडली की बायकोसुद्धा. वय पन्नाशीच्या पुढे, केस होते तेवढे नीट बसवलेले, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. नियम पाळणारा माणूस. काही लोक देवाच्या भीतीने नियम पाळतात, काही पोलिसांच्या. सर आवडीने पाळायचे. सिग्नल बंद पडलेल्या चौकातही ते जरा थांबून मगच रस्ता ओलांडायचे.

ते राहिले ते एका मुलीमुळे. ही मुलगी याच देशातली, बारावीची. सरांनी मनातल्या मनात तिचं नाव ‘शंका’ ठेवलं होतं, कारण वर्ग सुटून सगळे पळाले तरी ती दारात उभी असायची : ‘सर, एक शंका.’ तिचे वडील सरकारी इस्पितळात डॉक्टर. ते इस्पितळ सोडून कुठेही जाणार नव्हते, पण मुलीने जावं म्हणून मात्र धडपडत होते. परदेशातल्या एका विद्यापीठाने तिला जागा दिली होती. अट एकच, गणिताचा पेपर. बाकीचे विषय गोंधळाच्या आधी आटोपले होते, एवढाच राहिला होता. पेपर झाला तर जागा, जागा मिळाली तर व्हिसा, आणि व्हिसा मिळाला तर पोरगी बाहेर. नाही झाला तर काही नाही.

प्रश्नपत्रिकेचं पाकीट केव्हाच येऊन शाळेच्या तिजोरीत पडलं होतं. प्रश्न पाकिटाचा नव्हता, माणसांचा होता. परीक्षा मंडळाचा नियम असा की पाकीट फोडल्यापासून उत्तरपत्रिका सीलबंद होईपर्यंत शाळेचे दोन कर्मचारी हॉलमध्ये हजर पाहिजेत. शेवटी दोघांच्या सह्या. दोनांचा एक झाला की केंद्र बंद.

एक तर सर होते. दुसऱ्या होत्या ग्रंथपाल बाई.

इथे जरा अडचण होती. सर आणि बाई एकाच गावाकडचे नसले तरी एकाच भाषेतले. अख्ख्या शाळेत ज्यांना एकमेकांशी आईच्या भाषेत बोलता येईल अशी ही दोनच माणसं, आणि गेली दोन वर्षं ती एकमेकांशी बोलत नव्हती. झालं होतं असं की आगीच्या कवायतीच्या वेळी बाई ग्रंथालयातून उतरल्याच नाहीत. नवीन पुस्तकांवर नंबर चिकटवत बसल्या. ‘कवायतीची आग आहे, ती थांबेल,’ म्हणाल्या. सर त्या मजल्याचे प्रमुख. त्यांनी मैदानात सगळ्यांसमोर कळवलं : ‘ग्रंथपाल बेपत्ता.’ प्राचार्यांनी बाईंना केबिनमध्ये बोलावून समज दिली. तेव्हापासून बाई सरांना पुस्तक द्यायच्या, पण पुस्तकाकडे बघून.

आणि अशात आली सुरक्षा साखळी.

साखळी म्हणजे रोज संध्याकाळी उपप्राचार्य बाईंनी पहिल्याला फोन करायचा, पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला. विचारायचा प्रश्न ठरलेला : ‘आपण सुखरूप आहात का?’ शेवटच्याने उपप्राचार्य बाईंना कळवायचं की साखळी पूर्ण. सुरुवातीला साखळी मारुतीच्या शेपटीएवढी लांब होती. मग माणसं गळत गेली आणि साखळी आखडत गेली. उपप्राचार्य बाई स्वतःही बहिणीकडे गेल्या, पण फोन चालू होता. त्या ग्रंथपाल बाईंना करायच्या, ग्रंथपाल बाई सरांना, सर परत उपप्राचार्य बाईंना.

“आपण सुखरूप आहात का?”

“हो. आपण?”

“तो प्रश्न मला आधीच विचारून झालाय.” आणि फोन बंद.

सरांच्या दिवसातलं सहकाऱ्याशी म्हणावं असं हे एवढंच बोलणं. बाकी दिवसभर ते स्टाफरूममध्ये बसायचे. भिंतीवरच्या खुंट्यांना सगळ्यांचे कप टांगलेले होते. एका कपावर ‘जगातला सर्वोत्तम शिक्षक’ असं लिहिलेलं. त्याचा मालक दुसऱ्याच दिवशी विमानतळावर पोचला होता. सर आपल्या कपात चहा करून प्यायचे, कप धुवायचे, खुंटीला लावायचे आणि सगळ्या कपांचे कान एका बाजूला करून ठेवायचे. मग शंका यायची आणि तासभर शंका विचारायची. तेवढा तास तो माणूस वेगळा असायचा. फळ्यावर हात सरसर चालायचा, विनोद व्हायचे, वाईट असले तरी व्हायचे. एकदा तर त्यांनी पॅसेजमधले दिवे घालवले, विजेरी कपाटावर ठेवली आणि तिला तिच्यापासून लांब चालत जायला लावलं, सावली कशी वाढते ते कळावं म्हणून. ती गेली की पुन्हा कप.

विशेष म्हणजे सर आणि ग्रंथपाल बाई राहायचे एकाच इमारतीत. शिक्षकांचे फ्लॅट होते ते. सर दुसऱ्या मजल्यावर, बाई तिसऱ्या. बरोबर डोक्यावर. बाकी सगळ्या दारांना कुलपं. बाईंच्या चपला सरांच्या छतावरून स्वयंपाकघर ते खिडकी अशा जायच्या आणि सरांच्या कुकरची शिट्टी बाईंच्या फरशीतून वर पोचायची. तरी साखळीचा फोन फोनवरूनच यायचा. नियमात ‘फोन’ असं लिहिलं होतं.

पेपरला आठवडाभर राहिला असताना उपप्राचार्य बाईंचा निरोप आला : ‘यापुढे साखळी स्वयंचलित राहील. टीमवर माझा पूर्ण विश्वास आहे.’ बहिणीकडे त्या वेळी पहाट असायची, त्यामुळे विश्वास वाढणं साहजिक होतं.

सुरुवात कुणी करायची, ते लिहिलं नव्हतं.

सरांनी विचार केला. यादीत बाईंचं नाव माझ्या आधी. म्हणजे फोन त्यांचा यायला हवा. बाईंनी विचार केला, की सर नोकरीत मला सिनियर, तर सुरुवात त्यांनी करायची. दोघांचेही विचार मुद्देसूद होते. संध्याकाळ झाली. सर फोन समोर ठेवून बसले. वर चपला चालल्या, थांबल्या, पुन्हा चालल्या. फोन वाजला नाही. नियम असा होता की ठरल्या वेळेत आपल्या आधीच्याचा फोन आला नाही तर तो संपर्काबाहेर आहे असं कळवावं. सरांनी एकदा छताकडे पाहिलं. डोक्यावर चपला अगदी सुखरूप चालल्या होत्या. मग त्यांनी उपप्राचार्य बाईंना लिहिलं : ‘ग्रंथपाल बाईंशी संपर्क होत नाही.’

पण नियमात चपलांचा उल्लेख नव्हता.

सकाळी बायकोचा फोन आला.

“कुठे आहात?”

“घरी.”

“नक्की?”

“नक्की म्हणजे? खुर्चीत बसलोय.”

“तुम्ही बेपत्ता आहात म्हणे.”

सरांनी उगाचच मागे वळून पाहिलं. “कोण म्हणालं?”

“तुमची शाळा. ईमेल आलीये. ‘आपल्या प्रिय व्यक्तीशी संपर्क होऊ शकत नाही. आमच्या भावना आपल्यासोबत आहेत.’ लेकीने वाचली आणि घर डोक्यावर घेतलं. माझा दादा शर्ट घालून तयार झाला, त्याच्या ओळखीचे कोण ते साहेब आहेत ना, त्यांच्याकडे जायला. मी म्हटलं, थांब, आधी फोन तर लावून बघू. एवढ्या मोठ्या शाळेत कुणाला हे सुचू नये?”

“फोनची वेळ टळून गेली होती,” सर म्हणाले.

मग बायकोचा आवाज उतरला.

“अहो, या ना आता. पुरे झालं.”

“पेपर झाला की येतो.”

“पेपर काय तुमचा आहे?”

याला उत्तर होतं, पण ते मोठं होतं आणि लाइन खरखरत होती. “बघतो,” सर म्हणाले.

फोन ठेवल्यावर त्यांच्या डोक्यात प्रकाश पडायला लागला. ते बेपत्ता, तर मग त्यांना बेपत्ता केलं कोणी? आणि दोघंही बेपत्ता असतील तर शाळेत उरलं कोण? त्यांनी ईमेल उघडली. इंटरनेट जावई त्या दिवशी नेमके आले होते. प्राचार्यांनी मंडळाला कळवून टाकलं होतं : ‘केंद्रावर एकही कर्मचारी उपलब्ध नसल्याने केंद्र बंद करण्यात यावं.’ मंडळाने तत्परतेने बंद केलं होतं. एरवी साध्या पत्राला महिना लावणारं मंडळ.

सर उठले आणि आजवर कधीच न चढलेला तो एक मजला चढले.

बाईंनी दार साखळीएवढंच उघडलं. म्हणजे दाराच्या. फटीतून एक डोळा आणि चष्म्याची अर्धी काच दिसली.

“तुम्ही बेपत्ता आहात,” बाई म्हणाल्या.

“तुम्हीही.”

“मला माहितीये. मुलाचा फोन येऊन गेला. तुम्हीच कळवलंत ना? मला बेपत्ता करायची तुम्हाला सवयच आहे.”

“आणि माझं कुणी कळवलं?”

“फोन आला नाही तुमचा.”

“अहो, पण मी इथेच खाली होतो. कुकर लावला होता मी. ऐकू आला नाही?”

“आला की. तीन शिट्ट्या झाल्या. चौथीला तुम्ही बंद केलात.”

“मग?”

“मग काय? नियमात कुकर बसत नाही.”

सरांनी जिन्याच्या कठड्यावर हात ठेवला.

“केंद्र बंद केलंय,” ते शेवटी म्हणाले. “आपण दोघंही नाही म्हणून.”

दार लागलं. साखळी निघाल्याचा आवाज झाला, आणि दार पूर्ण उघडलं. बाईंच्या हातात लाटणं होतं. पोळ्या चालल्या होत्या की संरक्षणाची तयारी, ते कळलं नाही.

“त्या पोरीचं काय मग?” बाईंनी विचारलं.

दोघांनी मिळून एक ईमेल लिहिली. मिळून म्हणजे सरांनी लिहिली आणि बाईंनी मागे उभं राहून चुका काढल्या. ‘आम्ही आहोत,’ असं तिचं पहिलं वाक्य होतं. उत्तर दुपारी आलं. आपण असल्याचं वाचून प्राचार्यांना अत्यंत आनंद झाला होता. मात्र केंद्र पुन्हा सुरू करायचं तर मंडळाला पुरावा लागेल : दोन्ही कर्मचाऱ्यांचा एकत्र, शाळेच्या आवारातला, ताजा फोटो.

दुसऱ्या दिवशी संचारबंदी उठल्याबरोबर दोघंही शाळेत आले. चार पावलांचं अंतर ठेवून चालत आले. रस्त्यावर काचा पसरल्या होत्या, आणि एक माणूस आपल्या दुकानापुढच्या तेवढ्याच काचा झाडून शेजाऱ्याच्या दारात लोटत होता. फोटो काढायचा कसा, हा प्रश्न होता. सरांनी फोन हातभर लांब धरला. फोटोत सरांचं कपाळ आलं आणि बाईंचा खांदा. दुसऱ्यांदा धरला तर नुसतं हिरवं पाणी आलं, कारण मागे तलाव होता.

तेवढ्यात फाटकातून शंका आली. पाठीवर दप्तर, हातात वही.

“सर, एक शंका—” असं म्हणून ती थांबली. सर आणि ग्रंथपाल बाई एकत्र उभे आहेत, ही शंका मोठी होती.

“आधी एक फोटो काढ आमचा,” सर म्हणाले.

“कशाला?”

सरांनी तोंड उघडलं. केंद्र बंद झालंय हे तिला ठाऊक नव्हतं आणि सरांना खोटं बोलता येत नव्हतं.

“आठवण म्हणून,” बाई मध्येच म्हणाल्या. “काढ तू.”

शंकाने फोन डोळ्यांसमोर धरला. “जरा जवळ या ना. दोघंही अर्धेच येताय.”

सर अर्धं पाऊल सरकले, बाई अर्धं. तरी मध्ये एक तिसरा माणूस सहज मावला असता.

“अजून. असं नका उभे राहू, पोलिसांनी पकडल्यासारखे. हसा.”

बाई हसल्या. नाइलाजाने हसल्या, पण हसल्या. फोटो गेला. प्राचार्यांनी तो सगळ्या पालकांना पाठवला, खाली ओळ टाकून : ‘हेच आपलं कुटुंब.’ आणि दोन दिवस तिघांच्याही जिवाला घोर लावून, म्हणजे दोघांच्याच, कारण तिसरीला काही सांगितलंच नव्हतं, मंडळाने केंद्र पुन्हा उघडलं.

त्याच दिवशी वकिलातीचा निरोप आला. आपल्या लोकांसाठी शेवटचं विमान. निघणार परवा. पेपर होता तेरवा.

बायकोचा फोन येण्याआधी साखळीचा आला. आता सुरुवात बाईंनी करायची असं ठरलं होतं, लेखी.

“आपण सुखरूप आहात का?”

“हो.”

फोन बंद झाला नाही. वर चपला थांबलेल्या होत्या.

“निरोप मिळाला?” बाईंनी विचारलं.

“मिळाला.”

“मुलगा माझ्यावर ओरडतोय. माझं नाव देऊनसुद्धा टाकलं त्याने.”

“मग?”

“मग काय, काढायला लावलं. तुमचं?”

“मी दिलंच नव्हतं.”

“बरं,” बाई म्हणाल्या, आणि जरा वेळाने पुन्हा, “बरं.” मग फोन बंद झाला.

बायकोला सांगणं यापेक्षा कठीण गेलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “मला माहीतच होतं,” आणि लेकीला फोन दिला. लेक म्हणाली, “बाबा, तुम्ही ना…” आणि फोन परत आईकडे दिला.

विमान गेलं तेव्हा सर शाळेच्या हॉलमध्ये बाक लावत होते. आवाज डोक्यावरून गेला. त्यांनी वर पाहिलं नाही. एका परीक्षार्थीसाठी एक बाक पुरला असता, पण नियमात बैठकव्यवस्था लिहिलेली होती, म्हणून त्यांनी सगळा हॉल लावला. ओळीत रिकामे बाक, आणि पहिल्या ओळीत मधोमध एक नंबर चिकटवलेला.

पेपरच्या दिवशी शंका वेळेआधी आली. तिच्याबरोबर तिचा मामा होता. त्याची गाडी फाटकाबाहेर उभी, टपावर सामान बांधलेलं. मामाने सरांना बाजूला घेतलं.

“सीमेवरचं नाकं दुपारी बंद करणार म्हणतात. पेपर झाला की थेट निघतोय. लवकर झाला तर देव पावला.”

“वेळ ठरलेली आहे,” सर म्हणाले.

“ते खरं हो. पण नाक्यावाल्यांना तुमची वेळ माहीत नाही.”

मग मामाने बाईंकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “गाडीत एक जागा आहे. बाईंना नेतो मी. किंवा तुम्हाला. दोघं नाही मावणार.”

बाईंनी ते ऐकलं होतं. त्यांनी पाकिटाचं सील तपासलं, सरांना दाखवलं आणि कात्री मागितली.

पेपर सुरू झाला. हॉलमध्ये पेनाचा आवाज, आणि लांबून कुठूनतरी मोर्चाचा, उकळी येऊ घातलेल्या पातेल्यासारखा. सर तिच्या मागे चालायचे, वळायचे, पुन्हा चालायचे. पर्यवेक्षकाने बोलायचं नसतं, खुणावायचं नसतं, चेहऱ्यावर काही दाखवायचं नसतं. याचा सरांना आयुष्यभर सराव होता. ती भराभर लिहीत होती. एक गणित चुकलं, खोडलं, बरोबर केलं. सरांचा श्वास तिच्या पेनाच्या मागे मागे चालला होता.

शेवटचं गणित आलं तेव्हा ती किंचित हसली. दिव्याचा एक खांब, खांबापासून दूर चालत जाणारा एक माणूस, त्याची सावली किती वेगाने लांबते. तिने खांब काढला. माणूस काढला. त्याच्या पायापासून सावली ओढली.

बाहेर हॉर्न वाजला. एकदा, मग लांबलचक.

तिने खिडकीकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. पाऊण तास बाकी होता. मग तिने सरांकडे पाहिलं, आणि तिच्या ओठांवर काय आहे ते सरांना कळलं. अडीच वर्षं ते रोज ऐकलं होतं त्यांनी. त्यांचा चेहरा हलला नाही.

तिने पेनाला टोपण लावलं. उत्तरपत्रिका दिली. परीक्षार्थी वेळेआधी जाऊ शकतो, कर्मचारी नाही.

“सर, येते,” ती म्हणाली.

“हं. सावकाश जा,” सर म्हणाले. परीक्षा हॉलमध्ये त्यांनी आजवर उच्चारलेलं हे सगळ्यात लांब वाक्य असावं.

दारात मामा आला होता. “बाई?” त्याने नुसतं विचारलं.

सरांनी बाईंकडे पाहिलं. “जा तुम्ही,” ते म्हणाले. “खरंच जा.”

“आणि सही कोण करणार? तुम्ही दोन्ही हातांनी?” बाई म्हणाल्या. मग मामाकडे वळल्या. “तिला खिडकीकडे बसवू नका.”

पोरगी मामाच्या मागे पळत गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही. त्या वयात कुणी पाहत नाही, आणि पाहावं असं तिला कुणी सांगितलंही नव्हतं. गाडीचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला.

मग पाऊण तास दोघंजण रिकाम्या हॉलमध्ये बसले. एक या टोकाला, एक त्या टोकाला, नियमाप्रमाणे.

“आता बोलायला हरकत नसावी,” बऱ्याच वेळाने बाई म्हणाल्या. “परीक्षार्थी नाही.”

“वेळ संपलेली नाही,” सर म्हणाले.

बाईंनी मान डोलावली. त्यांना राग आला नाही, यानेच सरांना कसंतरी झालं. वेळ संपली. दोघांनी सह्या केल्या, पाकीट सील केलं, तिजोरीत ठेवलं. ते नेणार कोण आणि कधी, हा मंडळाचा प्रश्न होता. त्यांचं काम नियमाप्रमाणे पुरं झालं होतं. बाईंनी पहिल्या बाकावरचा नंबर नखाने खरवडून काढला आणि हातात तसाच धरून चालू लागल्या.

इमारतीचा जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर दोघंही थांबले. सरांना म्हणायचं होतं, ‘चहा टाकतो, या.’ तीन शब्दांचं वाक्य होतं.

“उद्या शाळेत काही आहे का?” त्यांनी विचारलं.

बाईंनी विचार केला. “नाही. उद्या काहीच नाही.”

आणि त्या वर गेल्या.

संध्याकाळी बायकोचा फोन लागला. आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा येत होता.

“झाला पेपर?”

“झाला.”

“कसा गेला तिला?”

“शेवटचं गणित सोडलं तिने.”

“येत नव्हतं?”

“येत होतं. आकृतीसुद्धा काढली होती. गाडी थांबली होती बाहेर.”

बायकोने खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “काय होतं गणित?”

पेपर झाल्यावर पूर्ण एक दिवस त्यातल्या प्रश्नांबद्दल कुणाशीही चकार शब्द काढायचा नाही, असा मंडळाचा सक्त नियम होता. आणि बायकोने दहावीनंतर गणिताचं तोंड पाहिलं नव्हतं.

“एक दिव्याचा खांब आहे,” सर म्हणाले.

“हं.”

“माणसाच्या चौपट उंच. आणि एक माणूस त्या खांबापासून दूर चालत चाललाय.”

“कुठे चाललाय?”

“ते दिलेलं नाही.”

“हं. बरं.”

“तर त्याची सावली लांबत जाते. ती किती वेगाने लांबते, ते काढायचंय. आता बघ, इथे दोन त्रिकोण तयार होतात. एक मोठा, खांबाचा. एक लहान, माणसाचा.”

“हं.”

“दोन्हींचे कोन सारखे. मग बाजू प्रमाणात. खांब चौपट, म्हणून खांबापासून सावलीच्या टोकापर्यंतचं अंतर सावलीच्या चौपट.”

“हं.”

वीज गेली. खिडकीतून उरलेला उजेड होता, तेवढ्यात सरांना टेबलाची कड दिसत होती. ते कडेवर बोटाने आकृती काढत होते. एक पायरी झाली की थांबायचे, पलीकडून ‘हं’ यायचं, मग पुढची. कळत काही नसणार तिला. पण ‘हं’ बरोबर जागी यायचं.

“म्हणजे सावली त्याच्या अंतराच्या एक तृतीयांश. आता अंतर ज्या वेगाने वाढतं…”

‘हं’ आलं नाही.

सर थांबले. “ऐकतेयस ना?”

लाइन गेली होती, की ती डोळे पुसायला उठली होती, की लेकीने हाक मारली होती, कळायला मार्ग नव्हता. फोनमधून नुसती सूं सूं येत होती. उत्तर दोन पायऱ्यांवर होतं. गणित अर्धं सोडणं सरांना जमण्यातलं नव्हतं. त्यांनी फोन कानाशी तसाच धरला आणि उरलेलं गणित मोठ्याने, सावकाश, एकही पायरी न गाळता पूर्ण केलं.